वाचकांचे प्रश्न : उद्याचे आरमार आज कसे ठरते?

येत्या पंचवीस-तीस वर्षांत भारतीय नौदलाचा ताफा कसा असावा, या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. ज्या शहराला समुद्र नाही त्या बडोद्यातून एवढी पत्रे येतील अशी अपेक्षा नव्हती. सर्वांना उत्तर देणे शक्य नसल्याने त्यांतील काही निवडली आहेत. उत्तरे देणारा मी गोदीच्या नियोजन विभागात नोकरी केलेला माणूस आहे, युद्धनीतीचा पंडित नव्हे. त्यामुळे माझे म्हणणे जागोजागी गोदीच्या बाजूने झुकलेले दिसेल, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : २०३५ पर्यंत १७५ नौकांचे नौदल उभे करायचे आहे, असे वारंवार वाचनात येते. हा आकडा कोण ठरवतो, आणि तो गाठला म्हणजे आपण निर्धास्त व्हायचे का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, रावपुरा

उत्तर : आपल्याच व्यवहारातला दाखला देतो. एखाद्या शाखेत १७५ खाती आहेत एवढ्यावरून त्या शाखेची पत कळत नाही. ठेवी किती आहेत आणि त्यांपैकी कितींची मुदत संपत आली आहे, हे पाहावे लागते. विशाखापट्टणम वर्गातील विनाशिका १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टनांची आहे, तर जून २०२५ मध्ये दाखल झालेली ‘अर्नाळा’ ही उथळ पाण्यातली पाणबुडीविरोधी नौका ७७ मीटरची आहे. वसईच्या किनाऱ्यावरील किल्ल्याचे नाव मिळाल्यामुळे आपल्याला ‘अर्नाळा’चे अंमळ अधिक कौतुक वाटले तरी तिचे काम वेगळे आणि पल्लाही वेगळा, मोजणीत मात्र दोघीही एकेकच धरल्या जातात. म्हणून नुसत्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही.

आकडा ठरतो तो नौदल मुख्यालयाच्या दीर्घ मुदतीच्या क्षमता आराखड्यात. त्यातील एकेका नौकेची गरज संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद तत्त्वतः मान्य करते, त्यानंतर निविदा निघते, देकार तपासले जातात, किमतीची घासाघीस होते, आणि रक्कम मोठी असल्यास प्रकरण पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे जाते. वर्तमानपत्रांत ठळक मथळा येतो तो बहुधा पहिल्या पायरीला, जेव्हा तिजोरीतून एक रुपयाही हललेला नसतो. सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या चार मोठ्या नौकांची निविदा २०१३ मध्ये निघाली आणि २०२० मध्ये मागे घेतली गेली. त्या प्रकारची एकमेव मोठी नौका आपल्याकडे आहे, ती २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेली जुनी ‘जलाश्व’.

आता ढोबळ हिशेब मांडू. नौकेचे आयुष्य सरासरी २८ वर्षे आणि ताफा १४० नौकांचा धरला, तर आहे तेवढाच ताफा टिकवण्यासाठी दरवर्षी पाच नव्या नौका याव्या लागतात. दहा वर्षांत १७५ वर पोहोचायचे असेल तर वाढीच्या वर्षाला साडेतीन नौका त्यात मिळवाव्या लागतील, म्हणजे दरवर्षी आठ-नऊ. एखाद्या वर्षी चारच आल्या तर ती तूट पुढच्या वर्षाच्या माथी बसते, आणि निवृत्तीला आलेल्या नौकेला डागडुजी करून आणखी तीन-चार वर्षे चालवण्याची वेळ येते. शिवाय ताफ्यातील सर्व नौका एका वेळी समुद्रावर नसतात. साधारण एक तृतीयांश नौका कामगिरीवर, एक तृतीयांश सराव किंवा जाण्यायेण्यात आणि उरलेल्या गोदीत दुरुस्तीला, असे धरून चालण्याची जगभरच्या नौदलांची पद्धत आहे. अरबी समुद्राच्या पश्चिम टोकाला एक नौका कायम ठेवायची असेल, तर त्या एका जागेसाठी तीन नौका बांधाव्या लागतात.

पैशाचे म्हणाल, तर संरक्षण खर्चातील नौदलाचा वाटा २०१२ मध्ये १८ टक्के होता तो २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आला, असे तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंह यांनीच डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले होते. जाता जाता, ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला पाच इंधनपुरवठा नौकांचे सुमारे १९,००० कोटी रुपयांचे काम मिळाले, त्याची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते ती अलीकडच्या काळातील शहाणपणाची खरेदी आहे, कारण समुद्रात तेल मिळाले नाही तर सर्वांत देखण्या विनाशिकेलाही ठरावीक दिवसांनी बंदराची वाट धरावी लागते.

प्रश्न : सुटीत आम्ही दीवला गेलो असता ‘खुकरी’चे स्मारक पाहिले. काचेच्या पेटीतील त्या नौकेच्या प्रतिकृतीपुढे उभे असताना माझ्या मुलाने विचारले, की तेव्हा पाकिस्तानकडे पाणबुडी होती तशी आता आपल्याकडे आहे ना? मला नीट उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांबणार आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यानंतर आपल्या नौका आणि विमाने कित्येक दिवस त्या एका पाणबुडीचा माग काढत होती, तरी ती निसटली. पाणबुडीचे मोल यात आहे, की ती नुसती असण्याच्या शंकेनेही मोठा ताफा गुंतून पडतो.

आज आपल्याकडे डिझेल-विजेवर चालणाऱ्या सोळा-सतरा पाणबुड्या आहेत. त्यांपैकी सहा नव्या, कलवरी वर्गातल्या. बाकीच्या बहुतेक १९८० च्या दशकात किंवा १९९० च्या सुरुवातीला आलेल्या आहेत. अण्वस्त्रे वाहणाऱ्या ‘अरिहंत’ आणि ‘अरिघात’ यांचे काम निराळे असल्याने त्या या मोजणीत धरू नयेत. आकडा फार लहान वाटत नाही, परंतु त्यामागची कहाणी दुःखद आहे, आणि ती मी अनेकदा सांगितलेली असली तरी पुन्हा सांगतो.

डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ जर्मनीत बांधल्या गेल्या, पुढच्या दोन मुंबईत माझगाव गोदीत. १९९२ मध्ये ‘शल्की’ दाखल झाली, १९९४ मध्ये ‘शंकुल’. आपल्या कामगारांनी पाणबुडी बांधून दाखवली होती. पाणबुडीचे मूळ कवच, ज्याला दाबकवच म्हणता येईल, ते खोल पाण्याचा प्रचंड भार सोसते. त्याच्या प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते आणि वर्तुळात किंचित फरक पडला तरी तो तुकडा टाकून द्यावा लागतो. असे सांधे जोडणारा वेल्डर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. परंतु या कराराभोवती दलालीच्या आरोपांचे वादळ उठले, पुढील दोन पाणबुड्यांचा विचार सोडून देण्यात आला आणि ‘शंकुल’नंतर गोदीतील पाणबुडीबांधणीची ती रांग रिकामी झाली. यंत्रे झाकून ठेवता येतात; माणसांचे हात झाकून ठेवता येत नाहीत. कोणी निवृत्त झाले, कोणी दुसऱ्या कामाकडे वळले.

१९९९ मध्ये सरकारने तीस वर्षांचा पाणबुडीबांधणी आराखडा मंजूर केला : २०३० पर्यंत चोवीस पाणबुड्या. कागदावर तो उत्तम होता. प्रत्यक्षात फ्रेंच स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला, पहिली पाणबुडी २०१२ मध्ये यायची होती ती ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली. म्हणजे मुंबईत बांधलेल्या दोन पाणबुड्यांच्या मध्ये तेवीस वर्षे गेली, आणि जे कौशल्य १९९४ मध्ये हातात होते ते नव्याने विकत घ्यावे लागले. पुढे वेग आला. सहावी ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या नौकांसोबत मुंबईत दाखल झाली. सोहळा मोठा झाला. मला मात्र त्या दिवशी एकच गोष्ट टोचत होती : चोवीसपैकी सहाच झाल्या होत्या आणि सातव्या पाणबुडीचा करार झालेला नव्हता.

ही चूक आपण एकट्यानेच केली असे नाही. ब्रिटनने व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्यांनंतर अ‍ॅस्ट्यूट वर्गाचे काम हाती घेताना मध्ये मोठा खंड पडू दिला. त्यांच्या बॅरो गोदीला अमेरिकी अभियंत्यांची मदत घ्यावी लागली आणि २००१ मध्ये बांधायला घेतलेली पहिली पाणबुडी २०१० मध्ये दाखल झाली. उलट जपानकडे पाहावे. कोबे शहरात मित्सुबिशी आणि कावासाकी यांच्या गोद्या एकाआड एक वर्षी एकेक पाणबुडी देतात, आणि हा क्रम दशकानुदशके चालत आला आहे. २०१० मध्ये पाणबुड्यांची संख्या सोळावरून बावीसवर न्यायचे ठरले, तेव्हा जपानने गोद्यांची घाई केली नाही. पूर्वी लवकर निवृत्त होणाऱ्या पाणबुड्या काही वर्षे अधिक वापरायच्या, एवढेच ठरवले. नियोजन म्हणतात ते याला.

आपल्या इतिहासातही दाखला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. तुळाजींचा बंदोबस्त करण्याचा नानासाहेबांचा हेतू साधला. पुढे पेशव्यांच्या धुळप सरदारांनी त्याच विजयदुर्गावरून आरमार सांभाळलेही, तरी आंग्र्यांच्या काळची जरब परत आली नाही. लाकूड कोकणात पुष्कळ होते. पिढ्यानपिढ्या एकत्र काम करणारे सुतार, लोहार आणि तांडेल मात्र आज्ञापत्र काढून गोळा होत नाहीत.

पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव गोदी आणि जर्मन कंपनीची जोडी ठरली आहे. त्या पाण्याखाली दीर्घ काळ राहू शकतील. साध्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी काही दिवसांनी श्वासनळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते आणि नेमकी तेव्हाच ती सापडते; हवेवाचून वीज निर्माण करणारी यंत्रणा असेल तर हा धोका दोन आठवड्यांपर्यंत टाळता येतो. पाकिस्तान अशाच यंत्रणेच्या आठ पाणबुड्या चीनकडून घेत आहे, आणि त्या वर्गाला त्याने नाव दिले आहे ‘हंगोर’. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांनाही मंजुरी दिली. त्या स्वदेशात, वेगळ्या ठिकाणी बांधायच्या असल्याने माझगावच्या रिकाम्या रांगेचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. मुलाला एवढेच सांगा, की पाणबुड्या आहेत, चांगल्याही आहेत, पण बहुतेक त्याच्या आईच्या वयाच्या आहेत.

प्रश्न : नौदलाकडे समुद्री सुरुंग काढणाऱ्या नौका उरलेल्याच नाहीत, हे खरे आहे का?
— कोयली परिसरातील एक वाचक

उत्तर : खरे आहे. जुन्या पाँडिचेरी वर्गातील शेवटची नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली, आणि कोरियन कंपनीच्या सहकार्याने बारा नौका बांधण्याची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, रद्द झाली होती. जुलै २०२५ मध्ये अशा नौकांच्या खरेदीला पुन्हा तत्त्वतः मान्यता मिळाली, म्हणजे वर सांगितलेली पहिली पायरी झाली. आपण कोयलीहून लिहिता म्हणून सांगतो : कच्छच्या आखातात सलाया-वाडीनारला उतरणारे कच्चे तेल वाहिनीने विरमगाममार्गे आपल्या तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत येते. त्या आखाताच्या तोंडाशी चार सुरुंग पडल्याची नुसती वदंता उठली, तरी तेलवाहू जहाजे बाहेर नांगर टाकून उभी राहतील. सुरुंग स्वस्त असतो आणि तो काढणारी नौका महाग असून कोणाच्या नजरेत भरत नाही, एवढेच या दिरंगाईचे कारण मला दिसते.

प्रश्न : तिसरी विमानवाहू नौका हवी की नको? (या विषयावर दोन पत्रे आली. कारेलीबागेतील वाचकांच्या मते तिच्याशिवाय महासागरी नौदल होऊच शकत नाही. मांजलपूरच्या वाचक तिला पांढरा हत्ती म्हणतात.)

उत्तर : दोघांनीही ‘तिसरी’ हा शब्द वापरला आहे. माझा आक्षेप त्या शब्दालाच आहे.

‘विक्रमादित्य’ आपल्याकडे नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, त्यामुळे ती नवी वाटते. तिचा सांगाडा मात्र सोव्हिएत काळात पाण्यात उतरला तो १९८२ मध्ये. २००४ च्या करारात तिची किंमत ९७ कोटी डॉलरच्या आसपास होती ती अखेरीस २३५ कोटी डॉलरवर गेली आणि २००८ ची तारीख पाच वर्षांनी पुढे सरकली, हा भाग वेगळा. कोचीन शिपयार्डमधील ‘विक्रांत’ची प्रत्यक्ष बांधणी फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली आणि ती २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली, साडेतेरा वर्षे, सुमारे २०,००० कोटी रुपये. पुढच्या नौकेला अनुभवामुळे दहाच वर्षे लागतील असे मानले, तरी आज काम सुरू केल्यास ती २०३५ नंतर येईल, आणि तोवर ‘विक्रमादित्य’ने पन्नाशी ओलांडलेली असेल. म्हणजे जिला आपण तिसरी म्हणतो ती खरे पाहता दुसरीच्या जागी येणारी आहे. ती नको असे ठरवले तर एका विमानवाहू नौकेवर समाधान मानावे लागेल, आणि एकुलती एक नौका दुरुस्तीला गेली की हाती काहीच राहणार नाही. १९९७ मध्ये जुनी ‘विक्रांत’ निवृत्त झाल्यावर ‘विराट’च्या भरवशावर आपण सोळा वर्षे तशीच काढली आहेत.

मांजलपूरच्या वाचकांचा युक्तिवाद तत्कालीन संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही २०२० मध्ये मांडला होता, की पाण्याच्या पृष्ठभागावर जे आहे ते उपग्रहांना दिसते आणि क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात येते, म्हणून पाणबुड्यांना प्राधान्य द्यावे. त्यात तथ्य आहे. परंतु पैसा पाणबुड्यांकडे वळवायचा म्हणून कोचीची रांगही रिकामी ठेवली, तर वीस वर्षांनी माझगावची तीच कहाणी कोणीतरी कोचीविषयी लिहीत बसेल. ‘विक्रांत’साठी लागलेले विशेष पोलाद देशात तयार करावे लागले होते आणि बोकारो, भिलाई, राउरकेला येथून ते सुमारे ३०,००० टन पुरवले गेले, ती साखळी आज जिवंत आहे.

मतभेद आहे तो आकाराबाबत. विजेच्या झेपयंत्राने विमाने उडवणारी ६५,००० टनांची नौका असावी असे अनेकांना वाटते, कारण ‘विक्रांत’च्या टोकाला वर वळलेल्या धावपट्टीवरून विमानाला पूर्ण इंधन आणि शस्त्रे घेऊन झेप घेता येत नाही आणि मोठी टेहळणी विमाने तर तिथून उडतच नाहीत. तरीही माझे मत ‘विक्रांत’चीच सुधारलेली जोडनौका बांधण्याकडे झुकते. कोचीला ३१० मीटर लांबीची नवी सुकी गोदी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे, आराखडा हाती आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ६३,००० कोटी रुपयांत घेतलेली २६ राफेल-एम विमाने याच पद्धतीच्या धावपट्टीसाठी आहेत. पहिल्याच उडीत सर्व काही नवे करण्याचा हट्ट महागात पडतो. अमेरिकेने झुमवाल्ट वर्गाच्या ३२ विनाशिका योजल्या होत्या आणि बांधल्या तीन.

प्रश्न : युक्रेनने नौदल नसताना रशियाचा काळ्या समुद्रातील ताफा मागे रेटला. काही लाखांचे ड्रोन जर हजारो कोटींची नौका निकामी करणार असतील, तर आपण आजही मोठ्या नौका का बांधत आहोत?
— एक संगणक अभियंता, अलकापुरी

उत्तर : एप्रिल २०२२ मध्ये रशियाची ‘मोस्क्वा’ ही युद्धनौका बुडाली ती क्षेपणास्त्रांनी, ड्रोनने नव्हे; परंतु आपल्या प्रश्नाचा रोख योग्य आहे. असाच प्रश्न १९६७ मध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी क्षेपणास्त्रे डागून इस्रायलची ‘इलात’ ही विनाशिका बुडवली तेव्हा जगाला पडला होता. त्याचा सर्वांत चांगला अभ्यास बहुधा आपण केला : किनारा राखण्यासाठी घेतलेल्या, कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्र बोटी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मोठ्या नौकांच्या सोबतीने कराचीपर्यंत नेल्या. छोट्या बोटीने मारा केला, पण तिला तिथवर नेण्यासाठी मोठ्या नौकेची सोबत लागली, हे विसरू नये.

काळा समुद्र हा चारी बाजूंनी वेढलेला जलाशय आहे. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सोमाली चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ हे जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठले, चाळीस तास चाललेल्या कारवाईत ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. त्या कामात ड्रोनचाही वापर झाला, पण जहाजावर उतरायला माणसे लागली, आणि ती माणसे, त्यांचे पाणी, अन्न व इंधन वाहणारी नौका लागली.

नियोजनाच्या दृष्टीने खरा बोध वेगळा आहे. नौकेचा सांगाडा तीस-चाळीस वर्षे टिकतो, तिच्यावरील इलेक्ट्रॉनिक्स दहा वर्षांत जुने होते. ‘राजपूत’ ही विनाशिका १९८० मध्ये दाखल झाली, तेव्हा ब्राह्मोस क्षेपणास्त्राची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती. तरीही पुढे त्याच नौकेवर ब्राह्मोस बसवले गेले आणि ती २०२१ पर्यंत सेवेत राहिली, कारण तिच्यावर जागा होती. आज आराखडा करताना उद्या कोणते शस्त्र येईल याचे भाकीत करण्यापेक्षा वीजनिर्मिती, थंडावा देणारी यंत्रणा आणि मोकळी जागा जास्तीची ठेवणे हे अधिक फलदायी ठरते. लेझर किंवा ड्रोनप्रतिबंधक यंत्रणा पुढे घ्यायची झाली, तर वीज नसल्याने अडून राहू नये. हिशेबनीसांना ही मोकळी जागा उधळपट्टी वाटते, आणि बैठकांमध्ये सर्वांत आधी कात्री लागते ती तिलाच; हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : या सगळ्यात बडोद्याचा काही संबंध आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, सुरसागर परिसर

उत्तर : आहे. एके काळी बिलीमोरा बंदरात गायकवाडांचे आरमार असे, आणि ओखामंडळ बडोदे संस्थानात असल्याने सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२० च्या दशकात, ओख्याचे बंदर बांधले गेले. त्याच ओख्याला आज नौदलाचा ‘आयएनएस द्वारका’ हा तळ आहे.

वर्तमानातला संबंध अधिक थेट आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शहरात सी-२९५ विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. वायुदलाच्या ५६ विमानांपैकी ४० येथे तयार व्हायची आहेत. ती मालवाहू विमाने आहेत, तेव्हा नौदलाशी त्यांचा काय संबंध, असे वाटेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये नौदल व तटरक्षक दलासाठी मध्यम पल्ल्याच्या सागरी टेहळणी विमानांना तत्त्वतः मान्यता मिळाली आणि त्यासाठी याच विमानाच्या सागरी आवृत्तीचे नाव घेतले जाते. लांब पल्ल्यासाठी नौदलाकडे पी-८आय ही बाराच विमाने आहेत. किनाऱ्याजवळची गस्तही त्यांच्याकडूनच करून घेणे म्हणजे भाजी आणायला बस काढण्यासारखे आहे. ताफ्याच्या नियोजनात नौकांइतकाच विमानांचाही विचार करावा लागतो, कारण पाणबुडीचा माग आकाशातून अधिक लवकर लागतो. ही मागणी पक्की झाली, तर चाळीस विमाने संपल्यावर येथील रांगेला पुढचे काम मिळेल. गोदीला जे लागू आहे ते विमानाच्या कारखान्यालाही लागू आहे.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. युद्धनौकांच्या आराखड्याच्या क्षेत्रात जायचे असल्यास काय करावे?

उत्तर : नौकाशास्त्राची पदवी खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटींमध्ये तसेच कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात आहे; आपण मेकॅनिकलचे असल्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे जाता येईल. नौदलातच जायचे असेल तर तांत्रिक शाखेत नौकारचनाकार म्हणून अभियंत्यांची निवड होते आणि त्यासाठी सेवा निवड मंडळाची मुलाखत द्यावी लागते. नौदलाची स्वतःची आराखडा शाखा १९६० च्या दशकापासून आहे. १९७२ मध्ये आलेली पहिली ‘निलगिरी’ ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली होती आणि अकरा वर्षांनी आलेली ‘गोदावरी’ आपल्या माणसांनी आखलेली होती.

परंतु सर्वांनाच आराखडे काढायचे असतात, आणि टंचाई आहे ती उत्पादन नियोजन आणि वेल्डिंग तंत्रज्ञान जाणणाऱ्या अभियंत्यांची. ‘अरिहंत’चे कवच सुरतजवळच्या हजिऱ्याला तयार झाले होते. उन्हाळी प्रशिक्षणासाठी मुंबईच्या आधी तिथे अर्ज करून पाहावा. बडोद्याहून सकाळच्या गाडीने सुरत दोन तासांवर आहे.